लाइन नादुरुस्त आहे

४ नोव्हेंबर

मनगट मोडून दोन आठवडे झाले. उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डाव्या हातानं काढलेली अक्षरं माझी मलाच लागत नाहीत, म्हणून आजपासून डायरी बोलून लिहायची. जिन्याच्या शेवटच्या पायरीनं दगा दिला. सहासष्टाव्या वर्षी हाड मोडलं की लोक हाडाबद्दल कमी विचारतात आणि वयाबद्दल जास्त.

लिहिणारा म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवर आज बसवलेला डबा. मी बोलते, तो लिहितो, आणि पानं समोरच्या काचेवर दिसतात. त्याला चांगलंसं इंग्रजी नाव आहे, पण गल्लीत सगळे डबाच म्हणतात. गेल्या वर्षी त्या मोठ्या कंपनीचं सगळं अकरा दिवस बंद पडलं. कुणाचं चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांना कुणाचा कुठला दात काढायचा ते आठवेना, आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या त्या गेल्याच. तेव्हा गल्लीनं ठरवलं की आपलं आपण सांभाळू. बत्तीस घरं, बत्तीस डबे. प्रत्येक डब्यात आपलं थोडं आणि शेजाऱ्यांचं थोडं असतं. एक डबा मेला तरी बाकीच्यांकडे तुकडे राहतात. शिवाय प्रत्येकात एक छोटा मेंदू आहे. गल्ली सामायिक कप्प्यात जे टाकते ते वाचून तो शिकतो आणि विचारलं की सांगतो.

डबे बसवायचं काम वायरवालीकडे आहे. तिशीची, शिडीवर उभी राहूनही बोलणं थांबत नाही. म्हणाली, "मावशी, याला मध्य असा नाहीच."

"म्हणजे मध्ये कुणी बसलेलं नाही?"

"कुणीच नाही."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"शेजाऱ्याकडे."

"आणि तक्रार शेजाऱ्याबद्दलच असली तर?"

ती हसली. डब्याच्या बाजूला एक खटका आहे. खाजगी आणि सामायिक यांतला. ती तो समजावून सांगायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं बोर्डावर बसले आहे. दिवसाला हजार खटके. आपल्याकडे ओढला की बोलणं आपल्या कानापुरतं, पुढे ढकलला की लाइन मोकळी. खटक्याचं मला कुणी शिकवायला नको, असं म्हटलं. ती "बरं बरं" म्हणून शिडी घेऊन गेली. मी खटका माझ्याकडे ओढला आणि बोलायला बसले.

मध्ये कुणी नाही ही गोष्ट मात्र मला पटलेली नाही. जबाबदार माणूस नको का कुणीतरी?

७ नोव्हेंबर

डायरीत मनातलं बोलायचं नसेल तर ती ठेवायची कशाला. तर बोलते.

दातवाले डॉक्टर सकाळी सहाला गातात. माणूस सज्जन, हात हलका, पण गळा देताना कुणाचंतरी लक्ष नव्हतं. मास्तर रात्री खुर्ची ओढतात की कपाट, ते अजून समजलेलं नाही. नळवाला मंगळवारी येतो म्हणाला आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा. आणि धाकटी चहा इतका उकळते की तो औषध म्हणून घ्यावा लागतो.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. जवळजवळ चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरला होती. दुकान बंद झालं, तशी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली. दोघीही एकट्या, दोघीही हट्टी. भांडण होत नाही, कारण ती भांडतच नाही. मागच्या खोलीत तिचा वेगळा डबा आहे, म्हणून गल्लीच्या हिशेबात ते वेगळं घर.

वायरवालीला गल्लीचा नकाशा हवा होता, वायरी कुठून न्यायच्या ते ठरवायला. धाकटीनं तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलनं काढून दिला. पट्टी घेतली नाही. बत्तीस घरं, प्रत्येक जिना, कुठल्या गच्चीला किती कठडा, पिंपळाची फांदी कुठल्या खिडकीवर येते, सगळं. वायरवाली बघतच राहिली.

"धाकट्या मावशी, हे कुठं शिकलात?"

"शिकले होते कधीतरी," धाकटी म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक पुसत बसली.

मी आत जाऊन एका हातानं भांडी आवरायला लागले. खरं तर आवरलेलीच होती.

११ नोव्हेंबर

मास्तरांनी खुर्चीच्या पायांना कापड बांधलं आहे. मी काही म्हटलं नव्हतं. माणसाला कधीकधी आपलं आपल्याला सुचतं.

सकाळी दातवाले डॉक्टर दारात उभे. म्हणाले, "ताई, माझ्या गाण्याचा त्रास होतो का तुम्हाला?"

"छे हो," मी म्हटलं. "उलट बरं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे फार विचित्र नजरेनं पाहिलं. मग "असं होय" म्हणाले आणि गेले. परवापासून सहाला सामसूम असते. तब्येत बरी नसावी.

धाकटीचा चहासुद्धा आता माणसाला पिण्याजोगा झाला आहे. चांगला योग चालू आहे म्हणायचा.

१३ नोव्हेंबर

गंमत. दवाखान्यात डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी डब्याला विचारलं, नळवाला आज तरी येणार का. डबा म्हणाला, "येतो म्हणालाय. भरवशाच्या म्हशीला टोणगा." वाट बघत बसलेले पेशंट खो खो हसले. पुढे कुणी मुद्दाम विचारलं, की जिन्यावरून सांभाळून कसं उतरावं, तर म्हणाला, "शेवटच्या पायरीवर विश्वास ठेवू नका. ती दगा देते."

अगदी माझ्यासारखं बोलतो. मी धाकटीला म्हटलं, बघ, यंत्रालासुद्धा चांगल्या माणसाची भाषा उचलावीशी वाटते. ती म्हणाली, "तुझीच कशी उचलली?" मी म्हटलं, माझा आवाज मोठा, भिंतीपलीकडून ऐकत असेल. भिंतीला कान असतात ते खरंच निघालं.

१६ नोव्हेंबर

धाकटी वाचनालयात गेलेली असताना वायरवाली आली. बंदरापलीकडच्या सात गल्ल्यांना असेच डबे बसवायचे आहेत. काम सहा महिन्यांचं. त्यांना नकाशे काढणारं माणूस पाहिजे आणि वायरवालीनं कॅलेंडरच्या पाठीवरचा नकाशा तिथल्या लोकांना दाखवला होता. राहायला खोली, टेबल, काय हवं ते.

"धाकट्या मावशी हो म्हणतील ना? शनिवारपर्यंत कळवायचंय. त्यांच्या डब्यावरच निरोप टाकते."

मी म्हटलं, "नको, मी सांगते. तिला यंत्रावरून असं काही आलं की घाबरायला होतं."

हे खोटं होतं. ती कशालाच घाबरत नाही.

धाकटी आली तेव्हा मी सांगणार होते. मग जेवताना सांगू म्हटलं. मग ती उशीचे अभ्रे बदलत होती, तेव्हा सांगू म्हटलं. सांगितलं नाही. मनगट अजून जुळलेलं नाही, अंबाडा घालता येत नाही, डबीचं झाकण उघडत नाही. सहा महिने म्हणजे काय थोडे असतात? उद्या सांगेन.

१८ नोव्हेंबर

सांगितलेलं नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे मला माहीत आहे की मी हे आधीही केलं आहे. चाळीस वर्षांत कुणाला बोलले नाही. इथे बोलते, म्हणजे निदान एकदा तरी तोंडातून बाहेर पडेल.

मी सव्वीस वर्षांची होते, धाकटी बावीसची. आई गेलेली. वडील अंथरुणावर, एक बाजू पूर्ण लुळी. मी नोकरीवर, ती घरी. दिवसा ती त्यांना बघायची, संध्याकाळनंतर मी. तिनं लांबच्या एका सर्वेक्षण कार्यालयात नकाशे काढायच्या जागेसाठी अर्ज केला होता. परीक्षा दिली होती. कार्यालयानं सांगितलं होतं की पत्राला आठवडा लागतो, निवड झाली तर फोन करू, तीन दिवसांत होकार द्यायचा. आमच्या घरी फोन कुठला? कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा नंबर दिला होता. धाकटी सकाळी वडिलांचं आवरून तिथे जायची आणि एका स्टुलावर बसून राहायची.

बाहेरगावचे फोन आमच्या बोर्डावर यायचे. समोर भोकांची फळी, हातात दोरी, कानावर पट्टा. भिंतीवर आमच्या मुख्य बाईंनी पाटी लावली होती: ऐका, जोडा, विसरा. पहिल्या दिवशी दुपारी दिवा लागला. पलीकडून एक पुरुष धाकटीचं नाव घेऊन म्हणाला, निवड झाली आहे, तिच्याशी बोलायचं आहे. माझ्या हातात दोरी होती. औषधाच्या दुकानाचं भोक माझ्यापासून वीतभर. मी म्हटलं, "लाइन नादुरुस्त आहे. उद्या बघा."

का म्हटलं, ते त्या क्षणी कळलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कळलं. ती गेली की त्या घरात मी आणि वडील. त्यांच्या तोंडातून गळणारं पाणी, त्यांचं रात्रीचं ओरडणं, आणि मी एकटी. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा लागला, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी दुपारची पाळी मुद्दाम मागून घेतली, दुसऱ्या कुणी जोडू नये म्हणून, आणि तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. हे तिसरं सगळ्यात वाईट आहे.

धाकटी तीन दिवस स्टुलावर बसली. चौथ्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, "नाही आला. आपल्यात तेवढं नसेल." कार्यालयाला पत्र पाठवून विचारलंसुद्धा नाही. निवड झाली असती तर फोन आला असता, एवढंच म्हणाली. पेन्सिली डब्यात घालून याच घराच्या माळ्यावर टाकल्या आणि पुढे चष्म्याच्या दुकानात लागली.

वडील त्यानंतर अकरा महिने होते. फक्त अकरा.

१९ नोव्हेंबर

धाकटी आज खोलीबाहेर आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. मी दाराशी बाम ठेवला, तो तिनं घेतला नाही.

संध्याकाळी बाहेर येऊन खुर्चीवर बसली. डोळे सुजलेले. खूप वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, माझ्यासाठी काही निरोप आहे?"

"कसला निरोप?"

"असाच. कुणाचा असेल तर."

मी म्हटलं, "नाही बाई."

आता बोलता बोलता शंका येते आहे. तिला वायरवालीनं रस्त्यात काही सांगितलं असेल का? पण मग तिनं सरळ विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२० नोव्हेंबर

पुन्हा विचारलं. "आज काही निरोप?" मी नाही म्हटलं.

मास्तर जिन्यात भेटले. काही कारण नसताना म्हणाले, "बोर्डावर बसणं फार जड काम असणार, ताई." मी म्हटलं, त्या काळी माणसं कामाला भीत नव्हती. ते मान हलवत वर गेले. जिवाला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत कुणी त्या कामाचं जड म्हणून नाव घेतलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "तुला काय झालंय ग? रोज उठून तेच."

"काही नाही," ती म्हणाली. "वाट बघायची सवय आहे मला."

उद्या शनिवार.

२२ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी चहाचे कप समोर होते. मी डोळे मिटून सांगून टाकलं, विहिरीत उडी मारावी तसं. वायरवाली आली होती, बंदरापलीकडे काम आहे, सहा महिने, आजचा शेवटचा दिवस.

"कधी आली होती ती?"

"रविवारी."

"आणि तू आज सांगतेस."

"हो. चुकलं माझं. मला वाटलं, तू गेलीस तर माझं कसं व्हायचं."

ती म्हणाली, "या वेळी सांगितलंस."

या वेळी म्हणजे काय, ते कळलं नाही. पुढे तिनं विचारलं, "अजून काही सांगायचंय, ताई?" मी नाही म्हटलं. ती उठली नाही. कपावर साय धरेपर्यंत समोर बसून राहिली, आणि मीही बसून राहिले. शेवटी तिनं दोन्ही कप उचलले आणि वायरवालीला होकार कळवायला गेली. पुढच्या शुक्रवारी निघणार.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं झालं नाही.

२४ नोव्हेंबर

हे मी हातानं लिहिते आहे. प्लास्टर आज निघालं. अक्षर पाय मोडलेल्या कोंबडीसारखं येतं आहे, पण आता पुन्हा कधी त्या डब्याशी बोलणार नाही.

वायरवाली धाकटीसाठी नकाशाचे कागद घेऊन आली होती. डब्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हा खटका ओढलेला का?"

"माझ्यापुरतं ठेवायला."

तिचा चेहरा उतरला. "मावशी, ओढला की उघडा. कपाटाचा खण असतो ना, तसा. ढकलला की बंद."

मी तिला म्हटलं, असं कसं, आमच्या बोर्डावर तर. आणि तिथेच थांबले. तीन आठवडे मी जे बोलले ते सामायिक कप्प्यात गेलं होतं. बत्तीस घरांत. गाणं, खुर्ची, म्हैस, चहा. आणि अठरा तारीख.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"मी एकटी नाही पुसू शकत. प्रत्येक घरात तुकडे आहेत, प्रत्येकानं आपापल्या हातानं पुसायचे. आणि छोटा मेंदू तुमच्या पानांवर शिकलाय. ते त्यानं विसरायला हवं असेल तर ती पानं वगळून त्याला पुन्हा शिकवावं लागेल. त्याला बत्तीसच्या बत्तीस घरांचा होकार लागतो. एक जरी नाही म्हणाला तर नाही."

"वरचा साहेब कोण आहे? त्याच्याशी बोलते."

"वर कुणी नाही, मावशी. सांगितलं होतं."

ती जाताना मी डब्याचा खटका दोन्ही हातांनी पार आत ढकलला. ती काहीतरी म्हणत होती, इतका आत नको, मग येणंही बंद होतं, असं काहीतरी. माझं लक्ष कुठे होतं?

धाकटीला माहीत आहे. एकोणीस तारखेपासून माहीत आहे. ती मला रोज विचारत होती.

२६ नोव्हेंबर

दोन दिवसांत तीस घरं झाली. लाज बाजूला ठेवून एकेक दार वाजवलं. एक्स्चेंजमध्ये चूक झाली की मुख्य बाईंपुढे एकदा मान खाली घालायची आणि प्रकरण संपायचं. इथे तीस वेळा मान खाली घालावी लागली, आणि प्रत्येक घरात बसा म्हणाले.

डॉक्टरांनी पुसायच्या आधी विचारलं, "खरं सांगा. गाणं इतकं वाईट आहे?"

"वाईट नाही. पण सहाला आहे."

"आणि सातला?"

"सातलाही वाईटच आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. आठवडाभरात मी पहिल्यांदा हसले.

मास्तरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता. सव्वीस, मी म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि पुसलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींना दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मी नाही वाचलं. नातीनं वाचून दाखवलं." मग माझा हात धरून त्यांनी मला स्वतःचं एक जुनं सांगितलं, ते इथेही लिहिणार नाही. अजून चार घरांनी असंच केलं. मी गेले होते आपलं परत मागायला आणि येताना दुसऱ्यांचं घेऊन आले. ऐका, जोडा, विसरा. यातलं विसरा मला कधीच जमलं नाही, हे आता कळतं आहे.

तीस घरं आणि माझं घर धरून एकतीस झाली. राहिला मागच्या खोलीतला डबा.

२७ नोव्हेंबर

धाकटी पेटी भरत होती. मी दारात उभी राहिले. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"वायरवाली रस्त्यात म्हणाली होती, तुमच्यासाठी निरोप आहे, ताईंना विचारा. तू काही बोलली नाहीस, म्हणून मी डब्याला विचारलं, माझ्यासाठी निरोप आला होता का. तो म्हणाला, तीनदा आला होता. लाइन नादुरुस्त आहे असं सांगितलं." तिनं साडीची घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. "मला आधी वाटलं, तो काहीतरीच बोलतोय. मग पानं उघडली."

मी म्हटलं, मला शिव्या दे. ती म्हणाली, शिव्या येत असत्या तर चाळीस वर्षं चष्मे विकले नसते.

मग मी ते मागितलं. म्हटलं, बाकी सगळ्यांनी पुसलं आहे, तू पुसलंस की संपेल.

"मी पुसणार नाही."

"धाकटे, लोक वाचतील. उद्या डबा कुणालाही सांगेल."

"सांगू दे." ती पेटीवर बसली. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, आपल्याला निवडलंच नव्हतं. दुकानात कुणी म्हणालं ना, की तुमचं अक्षर किती रेखीव आहे, तर मी मनात म्हणायची, रेखीव असतं तर फोन आला असता. आता तुझ्या पानावर लिहिलंय की फोन आला होता. तीनदा. माझी निवड झाल्याचा तेवढा एकच कागद आहे, ताई. तो तू माझ्याकडे मागू नकोस."

मी विचारलं, मला माफ केलंस का. ती म्हणाली, "ते अजून विचारू नकोस."

२८ नोव्हेंबर

गेली. माळ्यावरचा पेन्सिलींचा डबा मी शिडीवर चढून काढून दिला, दुखऱ्या हातानं. तिनं झाकण उघडून बघितलं, सगळ्या तशाच होत्या. निघताना म्हणाली, "पोचले की निरोप पाठवीन."

१ डिसेंबर

निरोप नाही. डब्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "धाकटीचा निरोप आला का?"

डबा म्हणाला, "लाइन नादुरुस्त आहे. उद्या बघा."

माझेच शब्द. माझाच तोरा.

२ डिसेंबर

लाइन नादुरुस्त आहे. उद्या बघा.

खरंच नादुरुस्त आहे, की तिनं पाठवलंच नाही, की डब्याला माझं शिकून एवढंच म्हणता येतं? विचारायचं कुणाला? मध्ये बसलेलं कुणी असतं तर निदान त्याच्यावर संशय घेता आला असता.

३ डिसेंबर

तिसरा दिवस. आज स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते, डब्यासमोर, सकाळपासून. पाठ दुखायला लागली तेव्हा लक्षात आलं की मी स्टुलावर बसले आहे.

तीन दिवस म्हणजे किती असतात, ते बोर्डाच्या या बाजूनं मला कधी कळलंच नव्हतं.

४ डिसेंबर

सकाळी सहाला दार वाजलं. दातवाले डॉक्टर, हातात औषधं लिहायच्या कागदावरची एक चिठ्ठी.

"ताई, तुमच्या बहिणीचा निरोप आमच्या डब्यात येऊन पडलाय. चार दिवस झाले, मी आज बघितला. तुमच्याकडचा खटका पार आत ढकललेला आहे बहुतेक, त्यामुळे तुमच्या दारात जाऊन परत फिरला आणि आमच्याकडे आला. याचं असंच आहे, एक दार बंद असलं की शेजारचं बघतो." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "मी नुसता उतरवून घेतला. वाचला नाही."

उतरवून घेतलेलं न वाचता कसं येईल? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गाण्याबद्दल विचारलं होतं आणि मी छे हो म्हटलं होतं, तेव्हा ते जसे उभे होते तसेच आत्ताही उभे होते. मी म्हटलं, "मला माहीत आहे, तुम्ही वाचणार नाही." ते मान खाली घालून गेले.

चिठ्ठीवर होतं: पोचले. खोलीत उजेड भरपूर. पहिल्या गल्लीत चौपन्न घरं, एकही जिना सरळ नाही, मजा येते. मनगटाला शेक दे. आणि एक सांगायचं राहिलं. तेव्हा मला विचारलं असतंस तर मी राहिले असते, ताई.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. मग डब्यापाशी जाऊन खटका माझ्याकडे ओढला. ओढला की उघडा, हे आता मला माहीत आहे. डॉक्टर ऐकतील, मास्तर ऐकतील, कोपऱ्यावरच्या आजींना नात वाचून दाखवील आणि छोटा मेंदू हे शिकेल. शिकू दे. हे पान हातानं लिहिलेलं नाही, बोललेलं आहे.

धाकटे, तू राहिली असतीस हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर विचारलं नाही.